भिंतीत गेलेली नळी

१

तांब्याच्या नळ्यांचं काम आता कुणाला नको असतं. प्लास्टिक आल्यापासून सगळं सोपं झालंय. कापलं, चिकटवलं, हात धुतले की घरी. जुन्या घरातलं तांबं मात्र माणसाचा जीव काढतं. भिंत फोडल्याशिवाय नळी दिसत नाही. दिसली तर नेमकी हात पोचत नाही तिथंच गळते, आणि सांधा तापवायला बत्ती पुढे करावी तर शेजारी साठ वर्षं वाळलेलं लाकूड. पाऊण इंचाची जुनी नळी आणि आजची बावीस मिलिमीटरची, दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकमेकींत बसायचं म्हटलं की सवती.

मिस्त्रीची अठ्ठावीस वर्षं यातच गेली होती. गुडघे गेले, उजवा कान जवळजवळ गेला, आणि बोटांची टोकं भाजून भाजून इतकी निबर झाली की बायको गरम पातेलं उतरवायला त्यालाच हाक मारायची. जोडीला बायकोचा भाऊ. पन्नाशी ओलांडलेला गडी, पण काम करताना एकच ओळ दिवसभर शिट्टीवर वाजवायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. मिस्त्रीला त्या ओळीचा वीट आला होता. पण ती ऐकू आली की शिट्टी भिंतीच्या पलीकडे नेमका कुठं उभा आहे ते कळायचं, म्हणून तो काही बोलत नसे.

हे घर ओळीतलं शेवटचं. अरुंद आणि तीन मजली. तळमजल्यावर पुढच्या खोलीत टेलरबाईंचं शिवणकाम, मागे स्वयंपाकघर. मधल्या मजल्यावर झोपायच्या खोल्या. सगळ्यात वर न्हाणीघर आणि अडगळ, त्यावर उतरतं छप्पर. टेलरबाईंनी दोन वर्षांपूर्वी घर घेतलं होतं. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात त्या आणि त्यांचे सासरे. त्या सासऱ्यांना मामंजी म्हणायच्या, म्हणून पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत मिस्त्री आणि शिट्टीसुद्धा त्यांना मामंजी म्हणायला लागले.

"हा डाग बघा," टेलरबाई म्हणाल्या. हिरवट ओल छतापासून उतरत उतरत कपाटापर्यंत आली होती. "आत टांगलेला गिऱ्हाइकाचा कोट गेला. बुरशी लागली. सहा महिन्यांत तीनदा भिंत फोडून झाली, तीन वेगळे लोक येऊन गेले. आता एकदाच काय ते करा. सगळी लाइन बदला."

"बदलू," मिस्त्री म्हणाला. "दिवसा पाणी बंद ठेवावं लागेल. पण संध्याकाळी मी एक तरी नळ चालू करून देईन. कोरडं घर मागं टाकून मी जात नाही."

हे तो प्रत्येकाला सांगायचा. त्यात मोठेपणा काही नव्हता. उमेदवारीच्या काळात एका घराला रात्रभर कोरडं ठेवल्याबद्दल त्याला त्याच्या उस्तादानं चारचौघांत असं काही झापलं होतं की ते अंगातच मुरलं.

२

पाण्याचा मेन कॉक बंद केला आणि तळमजल्यावरचा नळ उघडा ठेवून सगळं घर रिकामं केलं. मग दोघं वर गेले. न्हाणीघरातला गिलावा छिन्नीनं उतरवला तेव्हा मागची उभी नळी दिसली. अंगावर हिरवे चट्टे, सांध्यांवर पांढरी पुटं. तिला वाटेत जोड निघाले होते. एक बेसिनला, एक शॉवरला, एक फ्लशच्या टाकीला.

आणि एक चौथा. अर्ध्या इंचाची नळी, गुडघ्याच्या उंचीवर, सरळ बाहेरच्या भिंतीत गेलेली.

"ही कुठं चालली?" शिट्टीनं विचारलं.

"मेलेली लाइन असेल. जुन्या घरात दहा असतात. कुणीतरी कधीतरी काहीतरी बसवलेलं असतं, मग काढून टाकतात. नळी राहते."

त्यानं जोडाजवळच कटर फिरवला. मेलेल्या नळीतून चार काळे थेंब येतात. हिच्यातून धार आली, करंगळीएवढी, आणि थांबेना. मिस्त्रीनं खाली डबा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट धारेखाली घातलं. पाणी कोमट होतं.

"उन्हानं तापलं असेल," शिट्टी म्हणाला.

गेले चार दिवस आभाळ भरलेलं होतं. हे शिट्टीलाही माहीत होतं. मिस्त्रीनं बोटं एकमेकांवर चोळली तर ती घसरत होती. नाकाशी नेली. नळीच्या तोंडाशी एक फुगा धरला, हळूहळू मोठा झाला, त्यात खिडकी उलटी दिसली, आणि तो फुटला.

"भावोजी," शिट्टी म्हणाला, "हे साबणाचं पाणी आहे."

मिस्त्री वैतागला नाही. उलट त्याला बरंच वाटलं, कारण याचं कारण त्याला ठाऊक होतं. कुठंतरी एखाद्या नळाला रबरी नळी लावून तिचं टोक भरल्या बादलीत सोडलेलं असतं. आपण मेन बंद करून खालचा नळ उघडतो, घरातलं पाणी खाली पडायला लागतं आणि पडता पडता बादलीतलं पाणी उलटं ओढून घेतं. अशी भानगड त्यानं दोनदा बघितली होती. एकदा तर कपडे धुवायचं निळं पाणी स्वयंपाकघरात आलं होतं.

"बादली शोध," तो म्हणाला.

शिट्टीनं न्हाणीघर बघितलं, अडगळ बघितली, मधल्या मजल्यावर जाऊन मामंजींची खोलीसुद्धा बघून आला. घरात एकच बादली होती आणि ती कोरडी, पालथी होती. तोवर डबे चार भरले. मग भिंतीत खोल कुठंतरी, मोठं भांडं तळाशी येताना पाणी जसं घोट घेतं तसा आवाज झाला, आणि धारेचे थेंब झाले.

शेवटच्या थेंबांबरोबर एक केस आला. लांब आणि पांढरा. शिट्टीनं तो चिमटीत धरला, उजेडाकडे केला, आणि मग तो कुठं टाकावा हेच त्याला कळेना.

३

घराला लागून अरुंद गल्ली होती आणि गल्लीच्या पलीकडे कुठल्याशा गोदामाची बिनखिडकीची आंधळी भिंत. मिस्त्री शिडी लावून चढला. न्हाणीघराच्या उंचीवर वीट न् वीट हातानं चाचपली. भोक नव्हतं, बुजवलेल्या भोकाचं नवं सिमेंटही नव्हतं. नळी आतून भिंतीत जात होती आणि बाहेर येत नव्हती.

"तिकडं काही नाही मिस्त्री," टेलरबाई खालून म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात टेप होती. "घर घेतलं तेव्हा मी सगळं मापून घेतलंय, आतून आणि बाहेरून. ही भिंत नऊ इंच आहे. नऊ म्हणजे नऊ."

"मग नळी नऊ इंचांतच वळून वर किंवा खाली गेली असेल," मिस्त्री म्हणाला. त्याला शिडीवरून लवकर खाली यायचं होतं. "जाऊ दे. टोक बंद करून टाकतो. लाइन मेली ती मेली."

बंद करायचं म्हणजे टोकावर तांब्याची टोपी बसवून डाख द्यायचा, कथील वितळवून सांधा बुजवायचा. दहा मिनिटांचं काम. पण थेंब काही थांबेनात, आणि नळीत पाण्याचा एक थेंब असला तरी सगळी आच ते पाणीच पिऊन टाकतं, डाख धरत नाही. त्यावर जुना इलाज आहे. पावाचा मऊ गर मळून नळीत बसवायचा. तो थेंब अडवतो, तेवढ्यात डाख देऊन घ्यायचा, गर नंतर विरघळून जातो. शिट्टीच्या डब्यात सकाळचा पाव होता. मिस्त्रीनं त्याची गोळी केली, टोकात दाबली आणि पेस्टची डबी घ्यायला वळला.

परत बघतो तर गोळी नव्हती.

"पडली का?"

"खाली नाही," शिट्टी म्हणाला. "मी बघत होतो भावोजी. ती आत गेली."

"उतार असेल."

"उतार आपल्याकडं आहे. पाणी आपल्याकडं येतंय."

मिस्त्रीनं दुसरी गोळी केली. या वेळी बोट टोकावरच धरून ठेवलं. क्षणभर काही झालं नाही. मग बोटाखालची गोळी अलगद आत सरकली, घाई न करता, समोरच्यानं दिलेलं घ्यावं तशी.

"भूक लागली असेल," शिट्टी म्हणाला आणि स्वतःच हसला. 

तिसऱ्या वेळी मिस्त्रीनं गर न वापरता चिंधी कोंबली, थेंब थांबले तेवढ्यात ती ओढून काढून टोपी बसवली आणि डाख दिला. चांगला बसला. चंदेरी कडं सांध्याभोवती गोल फिरून आलं. त्यानं टोक भिंतीच्या भोकात मागं सारलं, वरून गिलाव्याचा हात फिरवला, आणि संध्याकाळी बेसिनचा नळ चालू करून दोघं घरी गेले.

४

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मधल्या मजल्यावर होता आणि शिट्टी तळमजल्यावर. वर कुणीतरी नळ फिरवत होतं.

पाणी नसलेला नळ फिरवल्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा असतो. चाक कुरकुरतं, आत हवा जराशी फुसफुसते, आणि मग काहीच नाही. तीन फेरे उघडायचे. थोडा वेळ शांतता. मग तीन फेरे बंद करायचे.

"शिट्ट्या, वरचे नळ सोड!" मिस्त्री ओरडला.

"मी खाली आहे!" खालून उत्तर आलं. "मला वाटलं तुम्हीच."

मामंजी खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना कमी ऐकू यायचं, पण हे ऐकू येत होतं असं दिसलं. "वर कोण आहे हो?" त्यांनी विचारलं. "सकाळपासून चाललंय. पाणी नाही तर उगाच कशाला फिरवायचं?"

"कुणी नाही मामंजी. तांबं तापलं-निवलं की वाजतं. नळी लांबते, आखडते, लाकडाला घासते."

हे खोटं नव्हतं. तांबं वाजतंच. पण तांबं तीन फेरे मोजत नाही आणि उघडलेलं पुन्हा बंद करत नाही. मिस्त्री जिन्यात बसून ऐकत राहिला. त्याला सगळ्यात जास्त त्या बंद करण्यानंच अस्वस्थ केलं. पाणी गेलेलं असताना निम्मे लोक नळ तसाच उघडा टाकून जातात आणि मग पाणी आलं की घरभर तळं होतं. हे जे कोण होतं ते नीटनेटकं होतं. दर खेपेला आठवणीनं बंद करत होतं.

दुपारी त्याच्या लक्षात आलं की शिट्टी वाजत नाहीये. तो खाली गेला. शिट्टी नळी घासत बसला होता, ओठ घट्ट मिटून.

"काय झालं?"

"मी वाजवायला लागलो की ते थांबतं," शिट्टी मान वर न करता म्हणाला. "मी थांबलो की पुन्हा सुरू. ऐकतंय, भावोजी."

"तुझी ती ओळ ऐकून मीसुद्धा थांबलो असतो."

"थट्टा नका करू."

तिसऱ्या दिवशी काम संपलं. खालपासून वरपर्यंत नवी नळी, एक थेंब कुठं गळत नव्हता. टेलरबाईंनी भिंतीला तळहात लावून बघितला आणि पहिल्यांदा हसल्या. मिस्त्रीनं हत्यारं पुसून पिशवीत भरली. वर नळ तीन फेरे उघडला, वाट बघितली, बंद झाला. 

५

आठ दिवसांनी टेलरबाईंचा फोन आला.

"मिस्त्री, गळती नाही. काम चांगलं झालंय. पण तो आवाज."

"निवतं हो बाई ते. नवं तांबं बसायला वेळ—"

"मिस्त्री." त्यांनी मधेच तोडलं. "मला शिवता येत नाही. मशीन चालू असलं की वाटतं आता वाजला असेल, बंद केलं की वाजतोच. काल एक बाही उलटी लावली मी. पंचवीस वर्षांत असं झालेलं नाही. आणि मामंजी रोज सकाळी पाण्याचं भांडं घेऊन वर जातात आणि त्या भिंतीशी ठेवतात."

"मग?"

"मग दुपारी रिकामं भांडं घेऊन खाली येतात."

"ते स्वतःच पीत असतील."

"असतील," टेलरबाई म्हणाल्या. "मी वर जाऊन बघितलेलं नाही. तुम्ही या आणि ती नळी मुळापासून उपटून काढा. भिंत फोडावी लागली तरी फोडा."

मिस्त्रीनं शिट्टीला विचारलं.  "वीस वर्षं तुम्ही म्हणाल तिथं आलो," शिट्टी म्हणाला. "तुम्ही सांगाल तिथं उद्यापण येईन. तिथं मात्र नाही." मिस्त्रीनं आग्रह केला नाही. आग्रह करायलाही अंगात ताकद लागते, आणि त्याची होती नव्हती ती सगळी सकाळी उठून उभं राहण्यातच खर्च व्हायची.

तो एकटाच गेला. सकाळचे अकरा वाजले होते, न्हाणीघरात चांगला उजेड होता. भिंतीशी एक स्टीलचं भांडं होतं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. त्यानं ते सांभाळून बाजूला ठेवलं. मग ताज्या गिलाव्यावर छिन्नी लावली, टोपीपर्यंतचं भोक मोकळं केलं, आणि शेजारची एक वीट सैल करून बाहेर काढली.

तिच्यामागे दुसरी वीट दिसायला हवी होती. नऊ इंचांच्या भिंतीत दोन विटा बसल्या की भिंत संपते. मागं वीट नव्हती. काळोख होता, आणि त्यातून चेहऱ्यावर ओलसर ऊब येत होती, नुकतंच कुणी आंघोळ करून गेलेल्या न्हाणीघराचं दार उघडल्यावर येते तशी.

त्याच्या खिशात छोटा आरसा होता. नळीच्या मागची बाजू बघायला प्रत्येक प्लंबर बाळगतो. तो आरसा आत धरायचा आणि बॅटरी मारायची, एवढंच करायचं होतं. मिस्त्रीनं खिशात हात घातला आणि आरसा बोटांनी चाचपत बसून राहिला.

तेवढ्यात, अगदी जवळ, नळाचं चाक कुरकुरलं. एक. दोन. तीन.

या वेळी त्याला त्यापुढचंही ऐकू आलं. कदाचित वीट काढल्यामुळे, कदाचित त्यानं चांगला कान तिकडे केला होता म्हणून. नळ उघडून वाट बघणाऱ्या माणसाचा श्वास. रागाचा नव्हता, रडवेलाही नव्हता. दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसाचा होता.

मग तीन फेरे बंद.

आपण काय केलंय ते तेव्हा मिस्त्रीच्या ध्यानात आलं, आणि आलं ते भीतीच्या आधी आलं. आज अकरावा दिवस होता. अकरा दिवस त्यानं कुणालातरी कोरडं ठेवलं होतं. ते कोण आहे, कुठं आहे, नऊ इंचांत कसं मावतं, ते कुणास ठाऊक. पण पाणी तोडलं होतं ते यानंच, हे तर सरळ होतं. नळी उपटून काढली तर हा आवाज थांबेल का, की नळाचं चाक तिकडे तसंच फिरत राहील, फक्त इकडे ऐकू येणार नाही?

त्यानं आरसा खिशातच राहू दिला. खाली जाऊन मेन बंद केला, टेलरबाईंना "जरा वेळ लागेल" एवढंच सांगितलं, आणि पिशवीतून एक नवा जोड काढून वर आला.

६

नव्या उभ्या नळीत जोड घालणं सोपं होतं. ते त्यानं अर्ध्या तासात केलं. मग भिंतीतली टोपी तापवली, पकडीनं फिरवून ओढली. ती निघाली तशी नळीनं एक लांब श्वास सोडला, साबणाच्या वासाचा.

अडचण पुढं होती. टोपी काढल्यावर नळीचं टोक भोकात आत राहिलं. जोडापर्यंत पोचायला तीन सूत, म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर, कमी. आतच सांधा करावा तर शेजारी तुळईचं टोक, बत्ती लावताच लाकूड पेटणार. त्यानं पकडीनं नळी बाहेर ओढून बघितली. ती आत कुठंतरी घट्ट धरलेली होती. आणखी जोर लावला असता तर मऊ तांबं चेपलं असतं आणि सगळंच वाया गेलं असतं.

गुडघ्यावर बसून पाठ भरून आली होती. घामाचे थेंब डोळ्यात उतरत होते. असा प्रसंग आला की शिट्टी भिंतीच्या पलीकडे असायचा आणि मिस्त्री इकडून सांगायचा. वीस वर्षांची सवय. तोंडातून शब्द आपोआप निघाले.

"जरा पुढं घ्या."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की शिट्टीला तो "घे" म्हणतो.

नळी हलली. एक सूत पुढं आली.

"अजून."

आणखी एक सूत. मग आणखी एक. नळीचं टोक जोडात अलगद शिरलं आणि कुणीतरी अनुभवी माणसानं करावं तसं थोडंसं फिरून सरळ झालं.

"बास. धरून ठेवा."

बॅटरी त्यानं काढलेल्या विटेच्या जागी टेकवून ठेवली होती, सांध्यावर उजेड पडावा म्हणून. त्यानं मान वळवली नाही. पण बत्ती पेटवून हात पुढं केला तेव्हा डोळ्याच्या कडेला जे दिसायचं ते दिसलंच. काळोखात, नळीभोवती चार बोटं होती. पांढरी, आणि टोकांना खोल सुरकुत्या पडलेली. फार वेळ पाण्यात राहिल्यावर पडतात तशा. नखं स्वच्छ होती. आणि मनगटामागे हात संपतच नव्हता, कोपराच्याही मागं लांबत गेला होता, सरळ त्या दिशेला जिथं भिंत संपून गल्लीवरची हवा सुरू व्हायला हवी होती.

मिस्त्रीच्या हातातली बत्ती भरभरत होती. पळावं असं त्याला वाटलं, पण गुडघे एवढ्या लवकर उठणारे नव्हते. आणि सांधा तयार होता, पेस्ट लावलेली होती.

"हात काढा," तो म्हणाला. बत्ती बाजूला धरून पुन्हा म्हणाला. "हात काढा. भाजेल."

बोटं थोडी थांबली. मग एकेक करून सुटली आणि मागं गेली. घाई नव्हती. तांब्यावर चार ओले ठसे राहिले. ज्योत लागताच ते चुरचुरले आणि उडून गेले.

डाख सांध्यात नीट ओढला गेला, गोल फिरून आला. मिस्त्रीनं वीट परत बसवली, फटीत ओलं सिमेंट दाबलं. हे सगळं त्यानं भिंतीकडे न बघता, नुसत्या हातांनी केलं.

७

मेन उघडून तो पुन्हा वर आला. यायची गरज नव्हती. पण सांधा दाबाखाली धरतो की नाही ते बघितल्याशिवाय त्याला जाता येईना.

नळीतली हवा खळखळत पुढं गेली. मग चाक फिरलं, तीन फेरे, आणि भिंतीत पाणी पडायला लागलं. आधी रिकाम्या भांड्याच्या तळावर, पोकळ आवाजात. भांडं भरत आलं तसा आवाज भरीव होत गेला. मग तीन फेरे, आणि शांत. सांधा कोरडा होता. मिस्त्री फरशीवर बसला, पाय लांब केले आणि डोळे मिटले. आता घरी जाऊन झोपायचं, एवढंच डोक्यात होतं.

थोड्या वेळानं बेसिन धरून उठला. नळ उघडला, साबण घेतला, कोपरापर्यंत फेस केला.

धार बारीक झाली.

पुन्हा घेत असतील, त्याला वाटलं. अकरा दिवसांचं आहे, एका भांड्यात कसं भागेल. त्यानं हात धारेखाली धरले. धार आणखी बारीक झाली. भिंतीत पाणी पडत होतं, आणि त्यामागे, जरा लांब, दुसरं एक चाक फिरत होतं; जड, गंजलेलं, पहिल्यापेक्षा वेगळं. ते उघडलं आणि धार दोऱ्याएवढी झाली. मग तिसरं, मधल्या मजल्याच्या उंचीवर कुठंतरी. चौथं पार डोक्यावर, जिथं नुसतं छप्पर होतं. मग मोजता येईनात. लांब, आणखी लांब, एखाद्या मोठ्या इमारतीत पाणी आल्याची बातमी दारोदार जावी तसे नळ उघडत गेले.

बेसिनचा नळ दोनदा खोकला आणि बंद पडला.

"मिस्त्री!" तळमजल्यावरून टेलरबाईंची हाक आली. "अहो, खालचंपण पाणी गेलं! परत बंद केलंत का?"

"नाही बाई."

"मग येणार कधी?"

भिंतीत अजून एक चाक कुरकुरलं, फारच लांब, ऐकू येईल न येईल असं.

"सगळ्यांचं झालं की," मिस्त्री म्हणाला, आणि साबणाचे हात अंगापासून लांब धरून उभा राहिला.